वाहत्या कानाची गोष्ट

गटाच्या बैठकीत मी नेहमी भिंतीला डावा खांदा लावून बसते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलंय. परवा एकीने विचारलंच, "ताई, तुमची जागा ठरलेली कशी?" तर आज त्याचं उत्तर देते. मला डाव्या कानानं फार कमी ऐकू येतं. तुम्ही सगळ्या उजवीकडे असलात की कुणाचं बोलणं निसटत नाही.

१९९४ साली मी पाच वर्षांची होते. सर्दी झाली, दोन रात्री कान ठणकला आणि तिसऱ्या सकाळी उशीवर पू दिसला. ठणका थांबला, म्हणून घरात सगळ्यांना बरंच वाटलं. आजीनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. पुढे दर पावसाळ्यात कान वाहायचा. "मोठी झाली की थांबेल," असं सगळे म्हणायचे. शाळेत वासामुळे मला मागच्या बाकावर बसवलं. मागे बसल्यावर ऐकू येईना, उत्तर देता येईना, मग नाव पडलं 'मठ्ठ'.

कान फुटतो म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. कानाच्या बोळाच्या टोकाला पडदा असतो, हलगीच्या कातड्यासारखा ताणलेला. आवाज आला की तो थरथरतो. त्याच्या मागे तीन इवली हाडं आहेत : हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब तर आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ही हाडं थरथर पुढे ढकलतात ती आतल्या, गोगलगायीच्या शंखासारख्या, पाण्याने भरलेल्या भागात. तिथून नस मेंदूला निरोप देते.

पडद्यामागच्या खोलीत हवा असते. ती हवा येते घशाकडून, एका बारीक नळीतून. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळेच. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. म्हणून सर्दी झाली की घशातले जंतू सहज वर चढतात. नळी सुजून बंद होते, आत पू साठतो, ठणका लागतो. दाब वाढला की पडदा फाटतो आणि पू बाहेर येतो. ठणका थांबतो तो दाब गेल्यामुळे. दुखणं मात्र आत तसंच असतं.

हे दुखणं माणसाइतकंच जुनं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितलेत. वाहणारा कान आणि घाण वास येणारा कान यांना त्यात वेगवेगळी नावं आहेत. उपाय म्हणून कान पुसणं, धुणं, धुरी देणं, औषधी तेलानं भरणं सांगितलंय. बाळाचे कान सहाव्या-सातव्या महिन्यात टोचावेत, हेही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे आजीचं तेल आणि ओव्याची धुरी काही तिच्या डोक्यातून निघाली नव्हती. तिकडे ग्रीस देशातल्या हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांतही कानाचा ठणका आणि सोबत सततचा ताप असेल तर जिवाला धोका आहे, असा इशारा आहे. धोका सगळ्यांना दिसत होता. पू येतो कुठून, हे मात्र कळत नव्हतं.

घशाकडून येणाऱ्या त्या नळीचं नीट वर्णन केलं इटलीतल्या बार्तोलोमेओ युस्टाकी यांनी. त्यांचं पुस्तक १५६४ साली छापलं गेलं. आजही डॉक्टर तिला 'युस्टेशियन नळी' म्हणतात. पण वाट सापडली तरी इलाज सापडला नाही. १८७३ साली जर्मनीतल्या हर्मन श्वार्ट्झ यांनी कानामागचं हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली. त्यानं जीव वाचू लागले.

आपल्याकडे मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उघडलं. दूरदूरच्या गावांतून लोक तिथे येऊ लागले. पण पू करणारे जंतू शरीराच्या आत मारील असं औषध तेव्हा मिरजेतच काय, जगात कुठेच नव्हतं.

ते औषध सापडलं १९२८ साली, लंडनमध्ये. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत ते दिसलं. नाव पेनिसिलीन. दुसऱ्या महायुद्धात ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं. आणि मैत्रिणींनो, भारतातला पेनिसिलीनचा पहिला सरकारी कारखाना निघाला आपल्या पुण्याजवळ, पिंपरीला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, उत्पादन सुरू झालं १९५५ मध्ये. पेनिसिलीनच्याच घराण्यातलं अमॉक्सिसिलीन आजही डॉक्टर मुलांच्या कानासाठी देतात.

आता हिशेब मांडा. माझा कान फुटला तेव्हा मिरजेच्या रुग्णालयाला शंभर वर्षं झाली होती. पिंपरीत औषध बनायला लागून एकोणचाळीस वर्षं झाली होती. दोन्ही जागा एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर. तरी आमच्या वस्तीवर आलं ते लसणाचं तेलच. फाटलेल्या पडद्यातून ते तेल आत गेलं, कान ओला राहिला आणि आतली हाडं झिजत गेली. मी मोठी झाल्यावर डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा आई शेजारीच होती. घरी येताना ती एसटीत एवढंच बोलली, "तवा आमाला कोण सांगणार हुतं गं?"

आईचा दोष नव्हता. सांगणारं खरंच कुणी नव्हतं. आज मात्र आपल्याला माहीत आहे, म्हणून जबाबदारीही आपली.

लेकराचा कान दुखला किंवा वाहिला तर कानात तेल, दूध, रस काहीही घालू नका. काडी, पिन, कापसाची कांडी खोल घालू नका. स्वच्छ, कोरड्या सुती कापडाची वात करून पू टिपून घ्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात न्या. औषध जितके दिवस सांगितलं तितके दिवस द्या. कान बरा होईपर्यंत विहिरीत, नदीत पोहायला पाठवू नका. चौदा दिवसांवर कान वाहत राहिला तर तो जुना आजार झाला. मग कानाच्या डॉक्टरांनाच दाखवायचं. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, मान ताठ होणं, ताप आणि उलट्या यातलं काही दिसलं तर त्या क्षणी गाडी काढा, सकाळची वाट पाहू नका.

टाळताही येतं. बाळाला अंगावर पाजा, डोकं थोडं उंच धरून. आडवं झोपवून तोंडात बाटली देऊ नका. चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून लेकराला लांब ठेवा. गोवरामुळेही कान फुटतात, म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. न्यूमोकोकल लस २०२१ पासून आपल्याकडे सरकारी लसीकरणात मोफत आहे : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.

आणखी एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. कान तपासणं त्यांचं कामच आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि "डॉक्टर, याचा कान वाहतो," हे लाजू नका, स्वतः सांगा.

या आठवड्यात प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या वस्तीत हाक मारली तर लवकर वळून न बघणारं, शाळेत 'मठ्ठ' ठरलेलं एखादं पोर आहे का, ते पाहा. त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात त्याचं नाव घ्या. वळलं नाही तर आईला घेऊन दवाखान्यात जा. एकटीला पाठवू नका, गटातली एक सोबत असू द्या.

माझा डावा कान आता पूर्वीसारखा होणार नाही. पण पुढच्या कुठल्या बैठकीत आपल्या कुणाच्या लेकीला भिंतीकडे कान करून बसायची वेळ येऊ नये.