सारथी की खेळाडू?

फुटबॉलपटू नव्वद मिनिटे मैदानभर धावतो. मोटार-शर्यतीतला चालक जवळपास तेवढाच वेळ बसून असतो. धावते ती मोटार. मग त्याला खेळाडू का म्हणायचे? शारीरिक शिक्षणाच्या तासाला हा वाद निघाला की वर्गात दोन तट पडतात आणि घंटा झाली तरी तो मिटत नाही. मिटणे अवघडच, कारण हा वाद मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. मोटारीच्या जागी घोडे जुंपले की आपण थेट प्राचीन ग्रीसमध्ये जाऊन पोहोचतो.

ऑलिंपियाच्या क्रीडामहोत्सवात चार घोड्यांच्या रथांची शर्यत हे मोठे आकर्षण असे. पण विजयाचा मुकुट सारथ्याचा नसे. विजेता म्हणून नोंद होई ती घोड्यांच्या मालकाची. म्हणूनच स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिंपिक विजेती ठरली. स्त्रियांना तिथे स्वतः स्पर्धेत उतरण्याची मुभा नव्हती, पण घोडे तिचे होते! डेल्फी येथे १८९६ साली उत्खननात सापडलेला सारथ्याचा कांस्यपुतळा आज जगप्रसिद्ध आहे. तो अर्पण करणाऱ्या पॉलिझालसचे नाव चौथऱ्यावर कोरलेले आहे. सारथ्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? कर्णाचे सारथ्य करायचे म्हटल्यावर शल्याला तो अपमान वाटला, ही महाभारतातली कथा आपल्या परिचयाची आहे. मान रथीचा, सारथी म्हणजे सेवक.

रोममध्ये चित्र पालटले. इ.स. दुसऱ्या शतकातल्या गायस अपुलियस डिओक्लीस या सारथ्याची सारी कारकीर्द एका शिलालेखात नोंदलेली आहे. ४२५७ शर्यती, त्यांपैकी १४६२ जिंकल्या, वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्ती आणि बक्षिसांची रक्कम साडेतीन कोटी सेस्टर्सच्या वर. पैसा अमाप होता, प्रतिष्ठेचे काय? लोकरंजनासाठी रंगमंचावर उभे राहणाऱ्यांना रोमन कायद्याने कमी प्रतीचे नागरिक ठरवले होते. तेव्हा कुस्तीगीर, धावपटू आणि सारथी यांनाही त्यांच्यातच गणायचे का, असा प्रश्न कायदेपंडितांपुढे आला. अल्पियन या तिसऱ्या शतकातल्या पंडिताने दिलेले उत्तर सहाव्या शतकातल्या कायदेसंग्रहामुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. मल्ल लोकरंजनाचा धंदा करत नाहीत, ते आपले सामर्थ्य दाखवण्यासाठी उतरतात, असे पूर्वसूरींचे मत त्याने नोंदवले. पुढे तो म्हणतो की, पवित्र क्रीडामहोत्सवांत भाग घेणारे वादक, सारथी, इतकेच काय, घोड्यांवर पाणी शिंपडणारे सेवकसुद्धा अप्रतिष्ठित मानू नयेत. या वादातला इतका शहाणा निकाल आमच्या तरी वाचनात दुसरा नाही. कोण किती घाम गाळतो हे न मोजता माणूस कशासाठी उतरतो, हे त्याने पाहिले.

घामाचा हिशेब विसाव्या शतकात सुरू झाला. अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फँगिओचे उदाहरण इथे फार बोलके आहे. तो पाच वेळा मोटार-शर्यतींचा जगज्जेता झाला. लहानपणी तो उत्तम फुटबॉल खेळे आणि बाकदार पायांवरून पडलेले त्याचे टोपणनाव फुटबॉलच्या मैदानातले होते. जानेवारी १९५५ मधली ब्युनॉस आयर्सची शर्यत तिथल्या ऐन उन्हाळ्यात झाली. त्या काळी शर्यतीत मधेच चालक बदलता येत असे. उष्म्याने एकेक चालक मोटारीतून उतरू लागला. दुसरा क्रमांक मिळवणारी मोटार तिघांनी आळीपाळीने चालवली. तीन तासांची ती शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने पुरी करणारे दोघेच निघाले. त्यांपैकी ४३ वर्षांचा फँगिओ पहिला आला. मोटारीच्या तापलेल्या सांगाड्याने त्याचा पाय भाजला होता. बसून राहण्याचे काम ते हे!

पुढे डॉक्टरांनी या प्रश्नात लक्ष घातले. १९६० च्या दशकात लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना शर्यतीच्या चालकांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या पुढे गेलेले आढळले. चालकांच्या बाजूने हा पुरावा अनेकदा पुढे केला जातो, पण तो जपून वापरायला हवा. तोंडी परीक्षेसाठी नाव पुकारण्याआधी विद्यार्थ्याची नाडी मोजावी, मग त्यालाच मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून पुन्हा मोजावी. नाडी दोन्ही वेळा वाढते. धाप मात्र दुसऱ्याच वेळी लागते, कारण पहिल्या वेळी हृदयाला हाकलत असते ते अ‍ॅड्रिनॅलिन. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी फारशी वाढलेली नसते.

तेव्हा मोजायला हवा तो ऑक्सिजन. अमेरिकेत मायामीच्या संशोधकांनी सात व्यावसायिक चालकांवर केलेली अशी मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली. वळणावळणाच्या मार्गावर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३८ मिलिलिटर ऑक्सिजन लागला. लंबगोल धावपट्टीवर सुमारे २२. वरच्या दर्जाचा फुटबॉलपटू सामन्यात १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो आणि त्याची सरासरी ४० च्या आसपास किंवा थोडी वर जाते. म्हणजे फुटबॉलपटू पुढे आहे, पण वाटले होते तितका नाही. चालकाच्या श्रमाची जातही निराळी असते. फॉर्म्युला वनच्या मोटारीत वेगवान वळणावर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट बल बाजूने येते. शिरस्त्राणासह डोक्याचे वजन सहा किलो धरले, तर मानेला २५ ते ३० किलोचा ओढा सहन करायचा असतो, तोही प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा. ब्रेकवर १०० किलोहून अधिक जोर लावावा लागतो. असे आवळून धरलेले स्नायू आणि अंगात साठणारी उष्णता यांमुळेही नाडी चढीच राहते.

भारतात हा वाद कागदोपत्री रंगला. नारायण कार्तिकेयनला २०१० साली पद्मश्री मिळाली, तीही क्रीडा विभागात. २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनची शर्यत भरायची होती, तिला मात्र केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने खेळ मानायला नकार दिला. ही तर व्यापारी करमणूक, असे त्याचे म्हणणे. चालक खेळाडू, पण शर्यत खेळ नव्हे! प्रश्न अर्थातच करसवलतीचा होता. उत्तर प्रदेश सरकारने करमणूक कर माफ केला, त्याविरुद्ध याचिका झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीची २५ टक्के रक्कम वेगळी ठेवायला लावली. तीन वर्षे शर्यत झाली, २०१३ नंतर ती बंद पडली.

२०१९ साली रॅली-चालक गौरव गिल याला अर्जुन पुरस्कार मिळाला; मोटार-क्रीडेतला तो पहिलाच. त्याच वर्षीच्या यादीत घोडेस्वार फवाद मिर्झा होता आणि फुटबॉलपटू गुरप्रीत सिंग संधूही होता. हा संधू गोलरक्षक. अकरा जणांत सर्वांत कमी धावावे लागते ते त्यालाच.