स्वेल्ट: वाचकाच्या मोबाइलवरील भार हलका करणारे वेब फ्रेमवर्क

स्वेल्ट हे संकेतस्थळे आणि वेब ॲप्लिकेशन तयार करण्यासाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत फ्रेमवर्क आहे. त्याची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. निर्माते रिच हॅरिस यांनी ‘गार्डियन’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रांमध्ये संवादी आलेख तयार करण्याचे काम केले आहे. वृत्तपत्राचे पान मंद चालणाऱ्या मोबाइलवरही तत्काळ उघडावे लागते. या गरजेचा ठसा स्वेल्टच्या रचनेवर स्पष्ट दिसतो. इंग्रजीत ‘स्वेल्ट’ म्हणजे सडपातळ.

प्रोग्रॅमरची सोय आणि वाचकाला मिळणारा वेग या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. कोणते काम कोठे आणि केव्हा करायचे हे नीट ठरविले, तर दोन्ही साधता येतात, हे स्वेल्टच्या वाटचालीतून दिसते.

मूळ अडचण

वेबपृष्ठासोबत येणारा जावास्क्रिप्ट कोड हा त्याच आकाराच्या छायाचित्रापेक्षा महाग पडतो. छायाचित्र उतरवून दाखविले की काम संपते. कोड मात्र उतरवून घ्यावा लागतो, ब्राउझरला तो वाचून समजून घ्यावा लागतो आणि नंतर चालवावा लागतो. प्रोग्रॅमरच्या शक्तिशाली संगणकावर हा विलंब जाणवत नाही. स्वस्त मोबाइलवर तो प्रकर्षाने जाणवतो.

फेसबुकने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या रिॲक्टने पृष्ठाची आभासी प्रतिकृती स्मृतीत ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. माहिती बदलली की नवी प्रतिकृती तयार होते, जुनीशी तिची तुलना होते आणि आढळलेला फरक पडद्यावर उतरविला जातो. यामुळे प्रोग्रॅमरचे काम सोपे झाले. परंतु तुलनेचे श्रम वाचकाच्या उपकरणावर पडले.

कंपायलरचा मार्ग

स्वेल्टने हे काम प्रकाशनापूर्वीच्या टप्प्यात नेले. मतमोजणीच्या पृष्ठावर एखाद्या पक्षाच्या आघाडीचा आकडा १२ वरून १३ झाला, असे समजू. हा आकडा पृष्ठावर नेमका कोठे दिसतो, हे स्वेल्टच्या कंपायलरने आधीच हेरून ठेवलेले असते. त्यामुळे आभासी प्रतिकृतीची तुलना न करता तेवढा मजकूर थेट बदलला जातो. शिवाय जे घटक वापरलेले नाहीत, त्यांच्यासाठीचा बराचसा कोड वाचकाकडे पाठवावाच लागत नाही.

कंपायलरचा लाभ प्रोग्रॅमरलाही होतो. चुका पृष्ठ प्रसिद्ध होण्यापूर्वी लक्षात येतात. चित्राला पर्यायी वर्णन दिले नसेल, तर स्वेल्ट तशी सूचना देते. पडदा-वाचक सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन वाचकासाठी ही सूचना मोलाची आहे.

प्रतीक्षा कमी करणारी साधने

कोडमध्ये बदल केल्यावर परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत प्रोग्रॅमरला थांबावे लागते. ही प्रतीक्षा दिवसातून शेकडो वेळा होत असल्याने कामाची लय मोडते. पूर्वीची अनेक साधने काम सुरू होण्याआधी संपूर्ण प्रकल्पाची एकत्र बांधणी करीत. व्ह्यू या फ्रेमवर्कचे निर्माते इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेल्या ‘वीट’ या साधनाने वेगळी वाट धरली. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘झटपट’. ब्राउझर जी फाइल मागेल तेवढीच तयार करून देणे आणि बदललेला भागच पुन्हा पाठविणे, हे त्याचे तत्त्व आहे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले स्वेल्टकिट १.० याच साधनावर उभे आहे.

स्वेल्टकिट पृष्ठ सर्व्हरवर तयार करून पाठवू शकते. त्यामुळे सर्व कोड पोहोचण्यापूर्वीच मजकूर वाचता येतो. प्रत्येक पृष्ठाला लागणारा कोड वेगळा ठेवला जातो. दुव्यावर माउस स्थिरावताच किंवा बोट टेकताच पुढील पृष्ठाची माहिती मागविण्याचीही सोय आहे.

ऑक्टोबर २०२४ मधील स्वेल्ट ५ ने ‘रून्स’ ही नवी पद्धत आणली. कोणती माहिती बदलती आहे आणि कोणती तिच्यावरून काढलेली आहे, हे प्रोग्रॅमर आता स्पष्ट शब्दांत नोंदवितो. पूर्वी हे कंपायलर स्वतःच ताडत असे. लहान घटकांत ती जादू सुखद वाटे. मोठ्या प्रकल्पात मात्र गोंधळ होई. काही जुन्या वापरकर्त्यांना नव्या पद्धतीत मूळचा साधेपणा हरवल्यासारखे वाटले. जुनी लेखनपद्धती तूर्त चालू ठेवण्यात आल्याने संक्रमण टप्प्याटप्प्याने करता येते.

वेगाचे मोजमाप आणि मर्यादा

गुगलने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ‘कोअर वेब व्हायटल्स’ निकषांनुसार पृष्ठावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, वाचकाच्या कृतीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मांडणीतील अनपेक्षित हालचालीचा निर्देशांक ०.१ पेक्षा अधिक नसावा. प्रतिसादाचा सध्याचा निकष मार्च २०२४ पासून लागू झाला. किमान ७५ टक्के भेटींत या मर्यादा पाळल्या जाणे अपेक्षित असते. हे मोजमाप प्रत्यक्ष वाचकांच्या उपकरणांवर होते, हे विशेष.

फ्रेमवर्क निवडल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. अवजड छायाचित्रे, जाहिरातींचा कोड आणि संथ सर्व्हर यांवर स्वेल्टकडे उपाय नाही. मराठी संकेतस्थळांपुढे टंकाचाही प्रश्न असतो. देवनागरीतील जोडाक्षरांसाठी अधिक आकृत्या लागत असल्याने टंकाची फाइल मोठी होऊ शकते. ती उशिरा पोहोचली, तर वाचत असलेल्या ओळी अचानक खाली-वर सरकतात. आवश्यक तेवढ्याच आकृत्यांचा टंक वापरणे, तो आधी मागविणे आणि पर्यायी टंकाचे माप त्याच्याशी जुळविणे ही कामे प्रोग्रॅमरलाच करावी लागतात.

रिॲक्टच्या तुलनेत स्वेल्टसाठी तयार घटक, जाणकार मनुष्यबळ आणि नोकऱ्या कमी आहेत. त्यामुळे मोठ्या संस्थेसाठी ही निवड केवळ तांत्रिक राहत नाही. तथापि कोणतेही फ्रेमवर्क स्वीकारताना एक प्रश्न विचारणे हिताचे ठरते: वाचलेले श्रम खरोखरच वाचले आहेत, की ते वाचकाच्या मोबाइलवर ढकलले गेले आहेत?