वर्गणी की पैज? ऑनलाइन खेळांच्या मासिक शुल्कामागचा प्रश्न

चेन्नई : अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी दरमहा ठरावीक शुल्क आकारावे, की खेळ मोफत ठेवून त्यातील वस्तू विकाव्यात, हा वाद जगभरात सुमारे तीन दशके सुरू आहे. भारतात या वादाला कायद्याचेही एक अंग आहे. खेळाडूने मोजलेला पैसा ही सेवेची वर्गणी आहे की जिंकण्याच्या आशेने लावलेली पैज, हे येथे आधी ठरवावे लागते. या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा ज्या न्यायालयांत झाली, त्यांत मद्रास उच्च न्यायालय अग्रभागी आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने वर्गणी आणि पैज यांच्यातील भेद थेट व्याख्येतच नोंदवला आहे.

कायद्यातील तीन वर्ग

‘ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन आणि नियमन’ विधेयक लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ रोजी आणि राज्यसभेने २१ ऑगस्ट रोजी मंजूर केले. दुसऱ्या दिवशी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात ऑनलाइन खेळांचे तीन वर्ग केले आहेत : ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि पैशांचे ऑनलाइन खेळ.

पैसे भरून, त्या बदल्यात आर्थिक लाभ मिळवण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा खेळ तिसऱ्या वर्गात मोडतो. तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने फरक पडत नाही. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सामाजिक खेळांच्या व्याख्येत मात्र वर्गणी किंवा एकदाच भरायचे प्रवेश शुल्क घेण्यास स्पष्ट मुभा आहे. ही रक्कम पणाला लावलेल्या पैशाच्या किंवा पैजेच्या स्वरूपाची नसावी, एवढीच अट आहे. ई-स्पोर्ट्सच्या बाबतीत स्पर्धेतील प्रवेशासाठी किंवा व्यवस्थापनाचा खर्च भागवण्यासाठी नोंदणी शुल्क घेता येते आणि विजेत्यांना कामगिरीनुसार बक्षीसही देता येते.

कायदा संमत होताच मुंबईस्थित ड्रीम-इलेव्हनसह अनेक मंचांनी पैसे लावून खेळायच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले. त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

चेन्नईतील चार वर्षांचा वाद

तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये अध्यादेश काढून आणि नंतर २०२१ च्या दुरुस्ती कायद्याद्वारे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. कर्जबाजारी झालेली कुटुंबे आणि खेळाडूंच्या आत्महत्या हे त्यामागचे कारण सरकारने दिले होते. मुख्य न्यायमूर्ती संजीब बॅनर्जी आणि न्यायमूर्ती सेंथिलकुमार राममूर्ती यांच्या खंडपीठाने ३ ऑगस्ट २०२१ रोजी ही दुरुस्ती रद्द ठरवली. कौशल्याच्या खेळांनाही एकाच फटक्यात बंद करणे अतिरेकी असल्याचे न्यायालयाचे मत होते.

त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर विधानसभेने ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा कायदा संमत केला. राज्यपालांनी तो मार्च २०२३ मध्ये परत पाठवला, विधानसभेने त्याच महिन्यात तो पुन्हा मंजूर केला आणि एप्रिलमध्ये त्यास संमती मिळाली. याही कायद्याला आव्हान दिले गेले. त्या वेळी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला होते. त्यापूर्वी ते मुंबई उच्च न्यायालयाचे प्रभारी मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ९ नोव्हेंबर २०२३ रोजी कायदा वैध ठरवला, परंतु नशिबाच्या खेळांच्या यादीत रमी आणि पोकर यांचा केलेला समावेश रद्द केला. कौशल्याच्या खेळांसाठी वय आणि वेळेची बंधने घालण्याचा राज्याचा अधिकार मात्र न्यायालयाने मान्य केला.

त्या अधिकारातूनच २०२५ चे नियम आले. पैशांच्या खेळांत अठरा वर्षांखालील व्यक्तींना मज्जाव, आधारद्वारे ओळख पडताळणी आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत प्रवेशबंदी अशी त्यांची रूपरेषा होती. ३ जून २०२५ रोजी न्यायमूर्ती एस. एम. सुब्रमण्यम आणि न्यायमूर्ती के. राजशेखर यांच्या खंडपीठाने हे नियम कायम ठेवले. अवघ्या अडीच महिन्यांनी केंद्राच्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला व पैसा कशासाठी भरला, या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान दिले.

जुनी भेदरेषा

हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. प्रवेश शुल्क भरून सोडवायच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवर तत्कालीन मुंबई राज्याने निर्बंध घातले, तेव्हा आर. एम. डी. चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, सिकंदराबादमधील एका क्लबचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेथे सभासद रमी खेळत आणि क्लब त्यांच्याकडून पत्त्यांचे व बसण्याचे शुल्क घेत असे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर, सभासदांना दिलेल्या सोयींबद्दल माफक शुल्क घेतल्याने क्लब जुगाराचा अड्डा ठरत नाही, असेही स्पष्ट केले. जागा, पत्ते आणि दिवाबत्ती यांचे पैसे वेगळे आणि डावावर लावलेले पैसे वेगळे, हा विचार तेव्हाच मान्य झाला होता. मासिक वर्गणी घेणारा आजचा ऑनलाइन खेळ या क्लबच्याच जातकुळीतला आहे. येथे जागेऐवजी सर्व्हर आहे, इतकेच.

मासिक शुल्काची वाटचाल

एकाच वेळी अनेकांना खेळता येणारा एक सुरुवातीचा संगणकीय खेळ ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये आकाराला आला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी तो शब्दांतून खेळायचा खेळ तयार केला होता. पुढे अमेरिकेतील व्यावसायिक संगणक सेवांवर अशा खेळांसाठी तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. महिनाअखेरीस येणारे बिल अनेकदा धक्कादायक असे. १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने दरमहा ९.९५ डॉलर असा ठरावीक दर ठेवला. मासिक शुल्क ही खेळाडूला त्या काळी सवलतच वाटली.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने १४.९९ डॉलर मासिक दर ठेवला. २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर पोहोचली. २००४ नंतरची वीस वर्षे अमेरिकेतील हा मासिक दर बदलला नाही. त्याच दरम्यान मोफत खेळ आणि सशुल्क वस्तू ही पद्धत फोफावली. डिसेंबर २०११ मध्ये मासिक शुल्कासह आलेला ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ वर्षभरातच मोफत करावा लागला. दुसरीकडे ‘फायनल फँटसी फोर्टीन’ २०१३ मध्ये नव्या रूपात, मासिक शुल्कासहच परतला आणि टिकला.

भारतात मोफत पद्धतीचाच वरचष्मा राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आलेला ‘पबजी मोबाइल’ आणि त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हे दोन्ही मोफत. त्यांचे उत्पन्न पोशाख, शस्त्रांची सजावट आणि ठरावीक काळापुरते विकले जाणारे पास यांतून येते.

बुद्धिबळाचा दाखला

शुल्काच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट चित्र बुद्धिबळात दिसते. विश्वनाथन आनंद आणि विश्वविजेता डी. गुकेश यांच्यामुळे चेन्नईची ओळख बुद्धिबळाशी जोडलेली आहे. २०२२ ची बुद्धिबळ ऑलिम्पियाडही शहराजवळील मामल्लपुरम येथे झाली.

इंटरनेटवरील बुद्धिबळाचा सुरुवातीचा सर्व्हर मोफत होता. १९९५ मध्ये डॅनियल स्लेटर यांनी त्याचे ‘इंटरनेट चेस क्लब’ या सशुल्क क्लबमध्ये रूपांतर करून ४९ डॉलर वार्षिक वर्गणी लावली. स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या गोष्टीला किंमत लावणे अनेक खेळाडूंना रुचले नाही. त्यांनी त्याच वर्षी पर्यायी मोफत सर्व्हर सुरू केला. आजही तीच दुफळी आहे. ‘चेस डॉट कॉम’वर डाव खेळणे मोफत आहे, पण विश्लेषण आणि धडे यांच्या पूर्ण सुविधेसाठी सभासदत्व घ्यावे लागते. फ्रेंच प्रोग्रामर थिबो डुप्लेसिस यांनी २०१० मध्ये सुरू केलेले ‘लिचेस’ जाहिराती आणि शुल्क यांशिवाय, देणग्यांवर चालते. दोन्हींत पैसे देणाऱ्याला पटावर एकही प्यादे जास्त मिळत नाही.

सर्व्हर आणि जोडणी यांचे मोलही बुद्धिबळानेच दाखवून दिले. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत जागतिक पातळीवरील इंटरनेट बिघाडामुळे भारताचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली व दोघे वेळेवर हरले. भारताच्या तक्रारीनंतर भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले.

शुल्काच्या बाजूने आणि विरोधात

अनेकांचा ऑनलाइन खेळ एकदा विकून संपत नाही. सर्व्हर, देखभाल आणि फसवणूक करणाऱ्यांवरील नजर यांचा खर्च दरमहा असतो. उत्पन्न आटले की सर्व्हर बंद होतो. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ एकरकमी विकलेला होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. ठरावीक शुल्काचा आणखी एक गुण म्हणजे खर्चाला कमाल मर्यादा पडते. मोफत खेळात तशी मर्यादा नसते. आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या ‘लूट बॉक्स’वर बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारविषयक कायद्याखाली कारवाई केली.

विरोधातील मुद्देही तितकेच वजनदार आहेत. अशा खेळाचा प्राण खेळाडूंच्या गर्दीत असतो आणि शुल्क लावताच गर्दी ओसरते. विद्यार्थी व अल्प उत्पन्न गटातील खेळाडू सर्वांत आधी बाहेर पडतात. महिनाभर न खेळलेल्यालाही पूर्ण रक्कम भरावी लागते. शिवाय मासिक शुल्क घेऊनही आतमध्ये वस्तू विकणारे खेळ आहेत. तेथे खर्चाच्या मर्यादेचा लाभ उरत नाही.

वर्गणीदाराचे हक्क

खात्यातून दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमेबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि ती थांबवण्याची सोय असली पाहिजे. जून २०२२ पासून १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांना दर वेळी वेगळा ओटीपी लागत नाही. त्यामुळे सूचनेचा संदेश दुर्लक्षित राहिला, तर रक्कम मुकाट्याने जात राहते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई केली. त्यांत ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ हा स्वतंत्र प्रकार आहे. वर्गणी रद्द करण्याचा मार्ग लपवणे किंवा किचकट करणे, तसेच मोफत वर्गणीसाठी पैसे भरण्याचे तपशील सक्तीने मागणे, हे त्यात येते. अठरा वर्षांखालील व्यक्ती १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करण्यास सक्षम नसते, हेही पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

मासिक शुल्क घ्यावे की नाही, हा कंपनीच्या धोरणाचा भाग राहील. खेळाडूपुढील कसोटी मात्र सिकंदराबादच्या क्लबपासून फारशी बदललेली नाही. रक्कम सर्वांना सारखी आहे का, ती जिंकण्या-हरण्याशी जोडलेली नाही ना, तिने पटावर कोणाला जादा बळ मिळत नाही ना आणि ती हवी तेव्हा बंद करता येते का, या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ती वर्गणी ठरते. परताव्याच्या आशेने भरलेली रक्कम, तिला कोणतेही नाव दिले तरी, पैजच राहते.