टाकणे, डालना आणि 'पुट ऑफ'

धाराशिव जिल्ह्यातील इंग्रजीचा इतिहास पुण्या-मुंबईहून निराळा आहे. तिकडे ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून आली. इकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, राजभाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही सारे विषय उर्दूतून शिकवले जात. इंग्रजी ही त्यांतील एक सक्तीची भाषा. आमच्या आजोबांच्या पिढीने इंग्रजी वाचली, पण कानावर ती क्वचितच पडली.

पुस्तकी इंग्रजीत लॅटिन वळणाची क्रियापदे विपुल. म्हणून 'पोस्टपोन' कचेऱ्यांत रुळले, 'पुट ऑफ' परकेच राहिले. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे दूर. या बेरजेतून 'पुढे ढकलणे' कसे निघते, हे शब्दार्थ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला कळावे कसे? सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच अशी क्रियापदे परकीयांना फार अवघड जातात, असे नोंदवले होते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र रूढ झाले ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे.

गंमत अशी, की या कुलपाची किल्ली आमच्या घरातच होती. 'देऊन टाकले' म्हणताना आपण काही फेकत नसतो. उर्दूतले 'कर डाला' त्याच घडणीचे, आणि उमरग्याकडे कानी पडणाऱ्या कानडीतले 'होगिबिट्ट'ही. त्यातला 'बिडु' म्हणजे सोडणे. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांची चर्चा केलेली आहे. इंग्रजीचा तास त्या प्रकरणापासून सुरू झाला असता, तर 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाकणे' हे एका वाक्यात उमगले असते. आपल्याकडे दुसरे क्रियापद जे काम करते, तेच तिथे इवलेसे अव्यय करते. अर्थात, सगळीच क्रियापदे इतकी सरळ उलगडत नाहीत.

सर्वांत घात करते ते 'पास आउट'. आमचा पदवीधर मुलाखतीत 'आय पास्ड आउट' म्हणतो, तेव्हा परदेशी श्रोत्याला तो बेशुद्ध पडल्याचे वाटू शकते. हा प्रयोग निव्वळ चूक म्हणून खोडणे आम्हांला पटत नाही. ब्रिटिश लष्करी परंपरेतल्या 'पासिंग आउट परेड'मध्ये प्रशिक्षण पुरे झाल्याचा अर्थ आहेच. पण परक्यासमोर 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. तसेच 'पुट ऑफ द मीटिंग' चालते. सर्वनाम आले, की ते मध्येच बसते: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' म्हटले, की इंग्रजी कान तिथेच अडखळतो.