तांबडा विंचू आणि महाडचे संशोधन

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी सूचना चिटणीसांकडून आली, तेव्हा साहजिकच गडकोट डोळ्यांसमोर आले. माझे मूळ गाव रायगडाच्या परिसरातीलच. तरीही येथे मांडणार आहे तो इतिहास विंचवाचा आहे. सेक्टर ९ चे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या आपणा भिलाईकरांना तो किरकोळ वाटेल. महाड-पोलादपूरकडे मात्र तांबडा विंचू म्हणजे प्रत्यक्ष काळ समजला जाई.

१९७८ च्या भातकापणीत माझ्या आत्याच्या मुलाला पेंढा उचलताना विंचू चावला. तो दहा वर्षांचा, मी सात. भगताने विंचू उतरविला आणि खरोखरच वेदना थांबली. पुढे मुलाला वांत्या झाल्या, सदरा घामाने भिजला, हातपाय गार पडले. विष बाहेर पडते आहे, असे म्हणून वडीलधाऱ्यांनी समाधान मानले. मध्यरात्रीनंतर त्याला धाप लागली, तोंडाला तांबूस फेस आला आणि उजाडण्यापूर्वी तो गेला.

याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले होते. मराठवाड्यातील देहेड गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशाचे रुग्ण दगावतात ते नेमके कशाने, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. यंत्रसामग्री नव्हतीच. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची टिपणे ठेवणे, हीच त्यांची प्रयोगशाळा. १९८२ साली ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या लंडनच्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

त्यांतून जे निष्पन्न झाले, ते आमच्या घरच्या समजुतीच्या अगदी उलट होते. जो रुग्ण वेदनेने आक्रोश करतो, तो बहुधा वाचतो. ज्याला वेदना फारशी नाही, परंतु वांती, दरदरून घाम आणि गार हातपाय आहेत, तोच धोक्यात असतो. (भगतांच्या यशाचे रहस्यही यातच असावे, आक्रोश करणारे रुग्ण एरवीही बरेच झाले असते.) विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा रक्तात सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. तांबूस फेस तो हाच.

कारण उमगल्यावर उपायाची दिशा मिळाली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. डॉ. बावस्करांनी ते विंचूदंशावर योजले आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. गंभीर विषबाधेत पूर्वी शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास उतरले. औषध म्हणजे साधी पोटात घ्यावयाची गोळी, त्यामुळे खेड्यातील दवाखान्यातही उपचार शक्य झाले.

हे दांपत्य तेवढ्यावर थांबले नाही. मुंबईत तयार होणारी प्रतिविष लस गोळीच्या जोडीला दिल्यास काय होते, याची महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर तुलना करण्यात आली. नुसती गोळी घेतलेल्या ३५ जणांपैकी ८, तर दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. हा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आत्या तेव्हा हयात होती. सुट्टीत गावी गेलो असता हे सारे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती गोळी केवढ्याला मिळते, एवढेच विचारले.