कैसरच्या मागे राहिलेला माणूस

१५ मे १९७४. ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर युरोपियन कपचा अंतिम सामना संपत आला होता. जादा वेळेत, ११४व्या मिनिटाला, लुईस आरागोनेसने फ्री किकवर गोल करून अॅटलेटिको माद्रिदला आघाडी मिळवून दिली होती. बायर्न म्युनिककडे गेर्ड म्युलर होता, उली होनेस होता, फ्रान्झ बेकेनबाउअर होता. पण शेवटच्या मिनिटात गोलसमोर मोकळ्या जागेत चेंडू मिळाला तो हान्स-गेऑर्ग श्वार्त्सेनबेकला. त्याला अडवायला कुणी धावलं नाही. कशाला धावतील? हा बचावपटू, आणि गोल चांगला पंचवीस-तीस मीटर लांब. त्याने सरळ फटका मारला. चेंडू जमिनीलगत गेला आणि गोलरक्षक मिगेल रेइनाला चकवून कोपऱ्यात शिरला. १-१.

तेव्हा अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टीवर लावत नसत. सामना दोन दिवसांनी पुन्हा खेळवला गेला. म्युलर आणि होनेसने दोन-दोन गोल केले, बायर्न ४-०ने जिंकलं आणि युरोपियन कप पहिल्यांदाच जर्मनीत गेला. पुढची दोन वर्षंही तो बायर्नकडेच राहिला.

श्वार्त्सेनबेकचं नाव ज्यांना ठाऊक असतं, त्यांना ते बहुतेक या गोलमुळे ठाऊक असतं. हे मला खटकतं. पंधरा वर्षं ज्याने एक काम इमानाने केलं, तो लक्षात राहिला कशामुळे, तर ते काम सोडून तो एकदा पुढे गेला त्यामुळे.

त्याचं काम काय होतं हे समजायला त्या काळच्या बचावाची रचना पाहावी लागते. बचावाच्या रांगेमागे एक मोकळा खेळाडू ठेवायची पद्धत इटलीत रुजली होती. त्याच्यावर विशिष्ट प्रतिस्पर्ध्याची जबाबदारी नसे. पुढच्यांकडून निसटलेलं त्याने आवरायचं. मोकळा, म्हणून इटालियनमध्ये त्याला ‘लिबेरो’ म्हणत. बेकेनबाउअरने या जागेचा अर्थच बदलला. मागे मोकळा असलेला माणूस चेंडू घेऊन पुढे का जाऊ नये? इंटर मिलानचा जाचिंतो फाकेत्ती बचावातून चढाई करायचा, ते पाहून आपल्याला हे सुचलं, असं तो सांगत असे. मान ताठ, नजर समोर, चेंडू पायाशी आणि बेकेनबाउअर मध्यरेषा ओलांडतो आहे, हे दृश्य सत्तरच्या दशकातल्या फुटबॉलचं जणू बोधचिन्ह झालं. लोक त्याला ‘कैसर’, म्हणजे सम्राट, म्हणू लागले.

मात्र कैसर पुढे गेला की मागे खिंडार पडायचं. ते बुजवायची जबाबदारी श्वार्त्सेनबेकची. त्याच्या जागेला जर्मनमध्ये ‘फोरश्टॉपर’ म्हणत: लिबेरोच्या पुढे उभं राहायचं आणि प्रतिस्पर्ध्यांच्या मुख्य आक्रमकाला सावलीसारखं चिकटायचं. बेकेनबाउअर चढाईवर निघाला की आपला माणूस सांभाळत त्याची जागाही राखायची, आणि ती नेमकी कधी राखावी लागेल हे आधी कुणी सांगत नसे. ते सोबत्याच्या चालीवरून ओळखायचं. जर्मन वृत्तपत्रांनी त्याला नाव दिलं ‘कैसरचा सफाईवाला’. त्यात कौतुक होतं, तशी पायरीही दाखवून दिलेली होती.

ही जोडी अशी जमली होती की पश्चिम जर्मनीच्या संघाने ती उचलून जशीच्या तशी लावली. २९ एप्रिल १९७२ रोजी वेम्बलीवर जर्मनांनी इंग्लंडला ३-१ असं हरवलं. त्या सामन्याबद्दल लिहिताना सगळे बेकेनबाउअर आणि ग्युंटर नेट्झर आळीपाळीने मागून कसे मुसंडी मारत होते, याबद्दल भरभरून लिहितात. हे दोघे बिनधास्त पुढे जाऊ शकले कारण मागे कुणीतरी जात नव्हतं, हे वाक्य मात्र क्वचितच सापडतं. त्याच वर्षी तो संघ युरोपचा विजेता झाला, आणि १९७४मध्ये, ब्रसेल्सनंतर दोन महिन्यांच्या आत, विश्वविजेता. म्युनिकमधल्या त्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध बायर्नचे सहा जण खेळले. सहावं नाव म्हणून श्वार्त्सेनबेक पटकन आठवत नाही, हा माझा अनेक फुटबॉलवेड्या मित्रांबाबतचा अनुभव आहे.

आकडे इथे फारसे कामाचे नाहीत. बुंडेसलीगात ४१६ सामने, २१ गोल. देशासाठी ४४ सामने, गोल एकही नाही. फुटबॉलची नोंदवही झालेल्या गोलांची असते. जे गोल झालेच नाहीत, ते कुठल्या रकान्यात मांडणार?

म्हणून काही त्याला खरा नायक आणि बेकेनबाउअरला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा ठरवता येत नाही. तसं केलं तर जुनी चूक उलटी करून पुन्हा केल्यासारखं होईल. १९७७मध्ये बेकेनबाउअर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडे गेला. श्वार्त्सेनबेक म्युनिकमध्येच होता, पण पुढच्या हंगामात बायर्न थेट बाराव्या क्रमांकावर घसरलं. एका पडझडीला कारणं अनेक असतात, तरी सम्राटावाचून राखणदाराचंही अडतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. माझं म्हणणं इतकंच की आधुनिक लिबेरो ही एका माणसाची निर्मिती नव्हती. ती दोघांनी मिळून वठवलेली भूमिका होती आणि श्रेयनामावलीत नाव एकाचंच आलं.

मैदानाबाहेर दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. बेकेनबाउअर प्रशिक्षक म्हणून १९९०चा विश्वचषक जिंकला, २००६चा विश्वचषक त्याने जर्मनीत आणला, आणि पुढे त्याच आयोजनातल्या पैशांच्या व्यवहारावरून स्वित्झर्लंडमध्ये त्याची फौजदारी चौकशी झाली, जी मुदत उलटल्याने निकालाविना संपली. जानेवारी २०२४मध्ये तो गेला. श्वार्त्सेनबेकची कारकीर्द अकिलीस टेंडनच्या दुखापतीने आटोपली. तो ना प्रशिक्षक झाला, ना टीव्हीवरचा समालोचक. म्युनिकच्या आउ या जुन्या कामगार वस्तीत त्याच्या नातेवाईक बायकांचं स्टेशनरीचं दुकान होतं, ते त्याने चालवायला घेतलं. तीन वेळचा युरोपियन कप विजेता, विश्वविजेता, गल्ल्यामागे उभा राहून वर्तमानपत्रं, वह्या आणि पेन्सिली विकत होता. बायर्नच्या कार्यालयाला लागणारं लेखनसाहित्यही तोच पुरवायचा. यात कुणाला शोकांतिका दिसते, कुणाला साधेपणाचा आदर्श. मला दोन्ही पटत नाही. कामाला वेळेवर हजर राहणारा माणूस दुसऱ्या कामालाही वेळेवर हजर राहिला, असं मी त्याच्याकडे पाहतो.

लिबेरो आता उरलेला नाही. अरिगो साक्कीच्या मिलानने ऐंशीच्या दशकाअखेर सगळी बचावफळी एका रेषेत पुढे सरकवली आणि मागे मोकळा माणूस ठेवणं परवडेनासं झालं. जर्मनीने हट्टाने तो २००० सालापर्यंत टिकवला. युरो स्पर्धेत एकोणचाळीस वर्षांचा लोथार माथेउस त्या जागी खेळला आणि जर्मनी गटातच गारद झालं. लिबेरो गेला तसा फोरश्टॉपरही गेला. फरक असा की लिबेरोवर मृत्युलेख लिहिले गेले, अजून लिहिले जातात. फोरश्टॉपर हा शब्द मात्र जर्मनीतल्या नव्या पिढीलाही समजावून सांगावा लागतो.

अॅटलेटिकोवाले मात्र श्वार्त्सेनबेकला विसरलेले नाहीत. २०१४मध्ये लिस्बनला ते पुन्हा अंतिम सामन्यात जिंकत होते, पुन्हा शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल बसला आणि तोही एका बचावपटूचाच, सर्जिओ रामोसचा. त्या रात्री माद्रिदच्या जुन्याजाणत्यांना चाळीस वर्षांपूर्वीचं ते अवघड जर्मन नाव आठवलं असणार. बायर्नच्या चाहत्यांनी ते आठवावं ते मात्र त्या गोलसाठी नव्हे, त्याआधीच्या एकशे एकोणीस मिनिटांसाठी.