अनुपस्थित मतदान

अनुपस्थित मतदान : मतदानाच्या दिवशी आपल्या मतदारसंघाबाहेर, विशेषतः परदेशात, असलेल्या मतदारास मत नोंदविता यावे यासाठी केलेली वैधानिक व्यवस्था. मतपत्रिका टपालाने पाठविणे, दुसऱ्या व्यक्तीस आपल्या वतीने मत देण्याचा अधिकार देणे, परदेशातील वकिलातीत मत देणे, नियत दिवसापूर्वीच मत देऊन जाणे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उपयोग करणे, हे तिचे प्रमुख प्रकार होत. दुसऱ्याच्या वतीने मत देणाऱ्यास व्यवहारात प्रॉक्सी असे म्हणतात.

प्रादेशिक मतदारसंघाच्या पद्धतीत मतदाराचा हक्क एका विशिष्ट स्थळाशी बांधलेला असतो. त्याचे नाव एका यादीत असते आणि त्या यादीसाठी ठरविलेल्या केंद्रावर, ठरलेल्या वेळी, त्याने स्वतः हजर व्हावे अशी अपेक्षा असते. केंद्रावरील अधिकारी व उमेदवारांचे प्रतिनिधी यांच्यासमक्ष त्याची ओळख पटते, पडद्याआड मताची गुप्तता राखली जाते आणि मत तत्काळ पेटीत पडते. मतदार दूर असला, म्हणजे ओळख, गुप्तता व वेळ या तिन्ही गोष्टींची हमी अन्य मार्गाने द्यावी लागते. अनुपस्थित मतदानाचा इतिहास हा मुख्यत्वे या तीन अडचणी सोडविण्याचा, आणि त्याचबरोबर कोणत्या कारणासाठी गैरहजर राहिलेला मतदार सवलतीस पात्र समजावा या प्रश्नाचा, इतिहास आहे.

प्रारंभ : मत दुरून पाठविण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन सम्राट ऑगस्टस याने इटलीतील वसाहतींच्या नगरसभांतील सदस्यांना रोममधील अधिकाऱ्यांच्या निवडणुकीसाठी आपापल्या गावी मते देऊन ती मोहोरबंद करून रोमला पाठविण्याची मुभा दिली होती, असे चरित्रकार स्विटोनिअस याने नमूद केले आहे. तथापि आधुनिक काळातील व्यवस्थेचा या प्रयोगाशी थेट संबंध जोडता येत नाही. ती युद्धातून जन्मास आली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने १८१३ मध्ये रणभूमीवरील सैनिकांना मतदानाची परवानगी दिली होती. परंतु मताधिकार मतदाराच्या निवासक्षेत्रातच बजावला पाहिजे, या भूमिकेवरून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये अशी तरतूद राज्याच्या संविधानाशी विसंगत ठरविली. त्यावेळी यादवी युद्ध (१८६१–६५) चालू होते व लक्षावधी मतदार आपल्या गावांपासून दूर छावण्यांत होते. परिणामी संघराज्याच्या बाजूच्या बहुतेक राज्यांनी कायदे बदलले आणि १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत १९ राज्यांच्या सैनिकांना रणभूमीवरून मत देता आले. काही राज्यांनी छावणीतच मतपेट्या ठेवल्या. न्यूयॉर्कसारख्या राज्याने मोहोरबंद लखोट्यातील मत गावाकडील विश्वासू व्यक्तीकडे पाठवून तिच्यामार्फत ते पेटीत टाकण्याची पद्धत स्वीकारली. सैनिकांच्या मतांपैकी सु. तीन-चतुर्थांशांहून अधिक मते एब्राहम लिंकन यांना मिळाली. याच निवडणुकीत न्यूयॉर्कच्या सैनिकांच्या नावे बनावट मतपत्रिका तयार केल्याच्या आरोपावरून काही हस्तकांवर लष्करी आयोगापुढे खटला चालून त्यांना शिक्षा झाली. मत मतदाराच्या हातून सुटून पेटीत पडेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात असते, हा या पद्धतीतील मूलभूत प्रश्न अशा रीतीने आरंभीच पुढे आला.

सैनिकांच्या खालोखाल नाविकांचा विचार झाला. न्यूझीलंडने १८९० मध्ये दर्यावर्दी मतदारांसाठी अनुपस्थित मतदानाची सोय केली. ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये टपाली मतदानाचा स्वीकार केला. मात्र तत्कालीन नियमांमुळे देशाबाहेरून तिचा लाभ घेणे जवळजवळ अशक्य होते. फ्रान्सने १९२४ मध्ये ऱ्हाइनलँड या व्याप्त प्रदेशात नेमलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना टपाली मतदानाची मुभा दिली. या बहुतेक उदाहरणांत एक समान सूत्र दिसते : मतदाराची गैरहजेरी ही राष्ट्राच्या सेवेमुळे किंवा व्यवसायाच्या अपरिहार्यतेमुळे घडलेली असावी.

ब्रिटनमधील विकास : ही अट क्रमाक्रमाने कशी शिथिल होत गेली, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९१८ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने अनुपस्थित मतदारांची स्वतंत्र यादी निर्माण केली. फ्रान्स व बेल्जियममधील सैनिकांना टपालाने, तर अधिक दूरच्या आघाड्यांवरील सैनिकांना प्रॉक्सीमार्फत मत देता येत असे. त्या वर्षी १४ डिसेंबर रोजी मतदान झाले. परंतु सैनिकांच्या मतपत्रिका पोहोचाव्यात म्हणून मतमोजणी २८ डिसेंबरपर्यंत थांबविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ५ जुलै १९४५ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान झाले, पण निकाल २६ जुलै रोजी लागला. मधल्या काळात विविध रणक्षेत्रांतून मतपत्रिका मायदेशी आणण्यात आल्या. पॉट्सडॅम परिषद अर्ध्यावर असताना मायदेशी परतलेले पंतप्रधान चर्चिल निवडणूक हरले आणि त्यांच्या जागी ॲटली परिषदेस गेले. दूरच्या मतदारासाठी संपूर्ण राष्ट्राने निकालाची प्रतीक्षा केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

१९४८ च्या अधिनियमाने नागरी जीवनातील काही वर्गांना, उदा., आजारी व्यक्ती आणि व्यवसायानिमित्त बाहेर असणारे यांना, ही सोय उपलब्ध झाली. परंतु सुटीसाठी प्रवासास गेलेला मतदार तीत बसत नव्हता. सहल ही ऐच्छिक बाब असल्याने तिच्यापायी गमावलेल्या मताची जबाबदारी मतदाराचीच, अशी यामागील धारणा होती. १९८५ च्या अधिनियमाने ही धारणा बदलली. सुटीवर असलेल्यांनाही टपालाने किंवा प्रॉक्सीमार्फत मत देण्याची संधी मिळाली आणि परदेशी स्थायिक झालेल्या नागरिकांना देश सोडल्यानंतर पाच वर्षांपर्यंत मताधिकार मिळाला. ही मुदत १९८९ मध्ये वीस वर्षे झाली, २००० च्या अधिनियमाने ती पंधरा वर्षांवर आणली आणि २०२२ च्या निवडणूक अधिनियमानुसार जानेवारी २०२४ पासून ती पूर्णतः रद्द झाली. २००१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये कारण न सांगताही टपाली मतपत्रिका मागता येते. गैरहजेरीच्या कारणाची चौकशी करण्याचे काम राज्यसंस्थेने अशा रीतीने जवळजवळ सोडून दिले.

हक्क मान्य झाला तरी वेळेची अडचण उरतेच. ब्रिटनमध्ये टपाली मतासाठीचा अर्ज मतदानाच्या अकरा कामकाजी दिवस आधी, तर प्रॉक्सीसाठीचा अर्ज सामान्यतः सहा कामकाजी दिवस आधी पोहोचावा लागतो. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीची घोषणा २२ मे रोजी झाली. स्कॉटलंडमध्ये बहुतेक शाळांच्या उन्हाळी सुट्या मतदानाच्या दिवसापर्यंत सुरू झाल्या होत्या. मतपत्रिका हाती पडण्यापूर्वीच अनेक कुटुंबांची प्रवासाला निघण्याची वेळ आली व काही ठिकाणी बदली मतपत्रिका देण्यासाठी खास केंद्रे उघडावी लागली. परदेशी जाणाऱ्या मतदारास टपालापेक्षा प्रॉक्सीचा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो, याचे कारण यावरून लक्षात येते : त्यात मतपत्रिकेला प्रवास करावा लागत नाही. मात्र त्यासाठी मतदारास आपले मत दुसऱ्यास सांगावे लागते. म्हणजे वेळ साधताना गुप्तता सोडावी लागते.

अन्य देशांतील पद्धती : अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने परदेशी राहणाऱ्या नागरिकांना, ते सरकारी सेवेत नसले तरी, संघीय निवडणुकांत अनुपस्थित मतदानाचा हक्क मिळाला. १९८६ मध्ये सैनिक व परदेशस्थ नागरिक यांच्यासाठी एकत्रित कायदा झाला. मतपत्रिका उशिरा पोहोचत असल्याच्या तक्रारींवरून २००९ च्या सुधारणेने, वेळेवर अर्ज केलेल्या मतदाराकडे ती मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी रवाना करणे राज्यांवर बंधनकारक केले. फ्रान्सने गैरप्रकारांमुळे १९७५ मध्ये देशांतर्गत टपाली मतदान बंद करून प्रॉक्सी पद्धतीवर भर दिला आणि १९७६ च्या कायद्याने अध्यक्षीय निवडणुकीसाठी परदेशातील आपल्या वकिलातींत मतदान केंद्रे उघडण्याची तरतूद केली. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे असल्याने प्रवासी मतदाराची सोय करणे हे राज्यसंस्थेला आपले कर्तव्य वाटते. मतदार निघण्यापूर्वी मत देऊ शकतो, टपालाने पाठवू शकतो किंवा परदेशात उघडलेल्या केंद्रावर जाऊ शकतो. फिलिपीन्समधून फार मोठ्या संख्येने कामगार परदेशी जातात. त्या देशाने २००३ मध्ये कायदा करून २००४ च्या निवडणुकीत परदेशस्थ मतदान प्रथम घेतले. एस्टोनियाने २००७ मध्ये संसदीय निवडणुकीत इंटरनेटद्वारे मतदान जगात प्रथम उपलब्ध केले. तेथे मतदारास मुदतीत आपले मत पुन्हा नोंदविता येते व शेवटचे मत ग्राह्य धरले जाते. दडपणाखाली दिलेले मत बदलता यावे, हा यामागील हेतू होय.

भारत : भारतात या विषयाचे नियमन १९५० व १९५१ चे लोकप्रतिनिधित्व अधिनियम आणि १९६१ चे निवडणूक नियम यांनी होते. मतदान करण्याचा हक्क हा कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पोन्नुस्वामी खटल्यात (१९५२) स्पष्ट केले. त्यामुळे तो कोणत्या रीतीने बजावावा हेही कायदाच ठरवितो. १९५० च्या अधिनियमानुसार मतदार ज्या ठिकाणी सामान्यतः राहतो तेथे त्याची नोंद होते आणि तात्पुरत्या गैरहजेरीमुळे हे निवासित्व संपत नाही. म्हणजे कामानिमित्त महिनाभर दुबईला गेलेल्या पुण्यातील व्यापाऱ्याचे नाव यादीत कायम राहते. परंतु मतदानाच्या दिवशी तो परतला नाही, तर त्याला मत देण्याचा अन्य मार्ग नाही.

टपाली मताची सोय प्रामुख्याने शासकीय सेवेशी निगडित आहे. सैन्यदलांतील व्यक्ती, राज्याबाहेर तैनात असलेली त्या राज्याची सशस्त्र पोलीस दले आणि भारत सरकारच्या परदेशातील पदांवरील कर्मचारी यांस सेवा मतदार म्हणतात. त्यांच्यासोबत राहणाऱ्या पत्नीलाही ही सवलत होती. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ असा अर्थाचा शब्द घालण्यात आल्याने महिला अधिकाऱ्यांच्या पतींनाही ती लाभली. २००३ मध्ये सैन्यदलांतील मतदारांना प्रॉक्सीचा पर्याय मिळाला. २०१६ मध्ये नियम बदलून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविण्यास प्रारंभ झाला व पुदुच्चेरीतील नेल्लितोप येथील पोटनिवडणुकीत तिचा प्रथम वापर झाला. सेवा मतदार ती छापून घेतो, मत नोंदवितो आणि स्वाक्षरीच्या घोषणापत्रासह दुहेरी लखोट्यातून टपालाने परत पाठवितो. जाण्याचा प्रवास अशा रीतीने क्षणात होतो. परतीचा मात्र टपालावरच अवलंबून राहतो. मतमोजणी सुरू होण्याच्या नियत वेळेनंतर आलेला लखोटा बाद होतो.

शासकीय सेवेत नसलेल्या परदेशस्थ नागरिकांना १९५० च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने स्थान मिळाले. नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशी असलेला आणि अन्य देशाचे नागरिकत्व न घेतलेला भारतीय, पारपत्रातील भारतीय पत्त्याच्या मतदारसंघात नोंद करू शकतो. तथापि मत देण्यासाठी त्याने मूळ पारपत्रासह केंद्रावर स्वतः हजर राहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयात यासंबंधी याचिका दाखल झाल्यानंतर निवडणूक आयोगाने नेमलेल्या समितीने २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका व प्रॉक्सी या पर्यायांची शिफारस केली. प्रॉक्सीचा हक्क देणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले. परंतु राज्यसभेत ते प्रलंबित असतानाच २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होऊन ते व्यपगत झाले. २०२० मध्ये आयोगाने परदेशस्थ मतदारांना इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका देण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारकडे पाठविला.

हजेरीच्या अटीचा परिणाम आकड्यांतून दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. त्यांपैकी केवळ २,९५८ जणांनी मत दिले. त्यांतील २,६७० केरळचे होते. आखाती देशांतून मतदानासाठी खास विमाने ठरविण्यापर्यंत तेथील संघटनांची मजल गेलेली आहे. महाराष्ट्रातील ५,०९७ नोंदलेल्या परदेशस्थ मतदारांपैकी १७ जणांनी मत दिले. गोव्यातील ८४ पैकी एकानेही नाही.

मूल्यमापन : या व्यवस्थेविरुद्धचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. प्रॉक्सीने मतदाराच्या सूचनेप्रमाणेच मत दिले, याची खात्री करण्याचे साधन नाही. मालकाच्या आवारात राहणाऱ्या परदेशस्थ कामगाराचे टपाली मत दडपणमुक्त असेलच असे नाही. आणि वकिलातीत मतदान घ्यावयाचे, तर शेकडो मतदारसंघांच्या मतपत्रिकांची तजवीज करावी लागते. तथापि सैनिक व राजनैतिक अधिकारी यांच्याबाबतीत याच स्वरूपाच्या अडचणी पत्करून भारताने अनेक दशके मते स्वीकारली आहेत. यावरून भेद तंत्राचा कमी आणि गैरहजेरीच्या कारणाचा अधिक आहे, असे दिसून येते. राज्यसंस्थेने पाठविलेल्या माणसाचे मत परत आणण्याची जबाबदारी तिने प्रारंभापासून मानली. पोटासाठी, शिक्षणासाठी किंवा केवळ प्रवासासाठी गेलेल्याच्या बाबतीत तिने यादीतील नाव राखले, पण मत पोहोचविण्याचा मार्ग दिला नाही. ब्रिटनला सैनिकापासून सुटीवरील प्रवाशापर्यंत येण्यास १९१८ ते १९८५ असा सदुसष्ट वर्षांचा काळ लागला. भारतीय कायदा २०१० मध्ये या वाटेवर अर्धे अंतर चालून आला आहे. उरलेल्या अंतरात परदेशस्थ भारतीयाचा मताधिकार हा यादीपुरता राहतो की पेटीपर्यंत पोहोचतो, हे ठरावयाचे आहे.